आप्पा अवलंबून आहेत

आमच्या शेजारच्या देवकाते आप्पांना "आज ऊन फार आहे" म्हटलं, तरी ते विचारायचे, "पुरावा काय?"

शिरूरच्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म गेला. दिवसभर कर्ण्यावर गाड्या पुकारायच्या आणि सवलतीवाल्यांची कागदपत्रं तपासायची. एकदा त्यांनी बायकोच्या थोरल्या भावाला, खुटबावच्या कोंडिबा मामांना, अर्ध्या तिकिटावरून गाडीतून खाली उतरवलं. पासष्टी पार केल्याचा दाखला नव्हता. "मेव्हणा म्हंजी काय दाखला न्हाई," आप्पा म्हणाले. तेव्हापासून मामांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आप्पांच्या पत्नी शकुंतलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या रिटायर झाल्यावर मॉरिशसला दिलेल्या एकुलत्या लेकीनं दोघांनाही कायमचं तिकडंच बोलावलं. तिकडं मराठी माणसंही आहेत, असं मी सांगितलं.

"पुरावा काय?" आप्पा म्हणाले.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, म्हणून तिथं राहायच्या परवान्याचा फॉर्म माझ्याकडं आला. पेन्शन भरभक्कम बाईंची. एस.टी.ची पेन्शन म्हणजे चहा-बिस्किटापुरती. तेव्हा अर्जदार बाई आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला जोडीदार आप्पा.

"अवलंबून? मी?" आप्पा उठून उभेच राहिले. "सर, आख्खा डेपो माझ्यावर अवलंबून व्हता!"

त्यात लग्नाचा दाखला हवा होता. लग्न खुटबावचं. पत्रिका छापलेली नव्हती, फोटो नव्हता, भटजी कधीच वारलेले. लग्न डोळ्यांनी बघितलेला, सही करण्याजोगा माणूस एकच उरला होता. कोंडिबा मामा.

आम्ही तिघं खुटबावला गेलो. मामांनी चहा पाजला, साक्षीचा कागद लांब धरून वाचला आणि शांतपणे विचारलं, "पाव्हणं, तुम्ही माझ्या बहिणीचं मालक, ह्याला पुरावा काय?"

बाईंनी पदरात हसू दाबलं. आप्पांनी बशी खाली ठेवली. मग हळू म्हणाले, "तुमच्या अंगात निळा सदरा व्हता. ही निघाली तवा तुम्ही गाडीमागं वढ्यापतोर चालत आला. समदी मागं फिरली, तुम्ही न्हाई फिरला. मी बगत व्हतो."

मामांनी चष्मा काढून पुसला. "आणा पेन," म्हणाले.

आता फॉर्मात एकच रकाना उरला होता. जोडीदार कोणत्या बाबतीत अवलंबून आहे? मी 'आर्थिक' लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी बाई बाजारात गेल्याचं बघून आप्पा आले.

"ते खोडा. मी सांगतो तसं लिवा." खुर्चीच्या कडेवर बसून ते सांगू लागले. "दिवसभर कर्ण्यावर वरडून घरी आलो की मला बोलायला काय सुचायचं न्हाई. ही बोलायची. शाळेतलं, पोरांचं, भाजीवालीचं. मी ऐकायचो. त्यावर माझा दिसभराचा शीण उतरायचा. ही म्हायेरी गेली की घरात कुठं बसावं ते मला कळत न्हाई." मग रकान्याकडं बघून म्हणाले, "मावंल का एवढं?"

रकाना बोटभर होता. मी पुरवणी जोडली. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून न वाचताच सह्या केल्या.

परवाना आला. निघायच्या आदल्या दिवशी मी फाईल द्यायला गेलो. आप्पा डेपोत निरोप घ्यायला गेले होते. बाई एकेक झेरॉक्स तपासत होत्या. पुरवणीवर थांबल्या. मुख्याध्यापिकेच्या सवयीनं बोट ठेवून त्यांनी ती पहिल्यापासून वाचली, आणि मग परत एकदा वाचली.

"सर," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, ह्यांचं लक्षच नसतं. सदतीस वर्षं मी आपली भिंतीशी बोलतेय."