भांडी न घासण्याचा ठराव

जेवणं झाली की ताटं खरकटी होतात, ही गोष्ट नागावच्या दिनानाथपंतांच्या लक्षात पेन्शनीत निघाल्यावर आली. तोपर्यंत ते कचेरीत शिरस्तेदार होते, आणि पुढ्यातून उचललेल्या ताटाचं पुढे काय होतं याची चौकशी करण्याचा हुकूम त्यांना कोणी दिला नव्हता. एका दुपारी पान जुळवत ते मागील दारी गेले, तर विहिरीपाशी सून राही राखेत हात घालून बसलेली. पंतांना गहिवरून आलं. त्यांनी तिला उठवलं नाही. आत जाऊन ‘स्त्री-श्रम-परिहार मंडळ’ स्थापन केलं.

मंडळात पाच पुरुष होते. बायकांना सभेचे श्रम पडू नयेत म्हणून त्यांना घेतलं नव्हतं.

राहीला मंडळाचं सुखदुःख नव्हतं. तिला हवी होती दुपारची एक घटका. तिची काशी सात महिन्यांची होती, आणि या मुलीची सवय अशी की बायकांची पंगत उठली की ती जागी व्हायची, पायाचे अंगठे धरून आढ्याशी गप्पा मारायची, आणि आईच्या नखांतली राख निघेपर्यंत पुन्हा डोळे मिटायची. नवरा, अनंता, मुंबईला गोदीत कारकून. तो पत्रातून विचारी, मुलगी हसते कशी ते लिही. राही दौत पुढे घेऊन बसे आणि लिहायला काही सुचत नसे. तिनं मुलगी बहुतेक निजलेलीच पाहिली होती.

मंडळानं पुष्कळ खल करून मुंबईहून भांडी धुण्याचं यंत्र आणवलं. कोणी साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या सामानाच्या लिलावात ते मिळालं. मचव्यातून मांडव्याला उतरलं आणि बैलगाडीतून नागावला आलं. जस्ताचं भलंथोरलं पिंप, आत तारांचे कप्पे, वर झाकण, बाजूला दांडा. कप्प्यात ताटं उभी करायची, कढत पाण्यात सोडा टाकून ते ओतायचं आणि दांडा फिरवायचा. आतली पाती पाणी उडवतात आणि हात न लावता ताटं लखलखीत. राहीनं हे दाराआडून ऐकलं आणि रात्री काशीच्या कानात सांगितलं, “आता आपण दोघी खूप बोलू हं.”

पहिली शंका सासूबाईंनी, म्हणजे सखूबाईंनी, काढली. साहेबाच्या घरी या पिंपात कसकसली ताटं धुतली गेली असतील? हे मंडळाच्या डोक्यात आलं नव्हतं. लगेच बाबंभटांना बोलावणं गेलं. भटजींनी यंत्राला प्रदक्षिणा घातली, झाकण उघडून वास घेतला आणि शुद्धी सांगितली. आधी समुद्राचं पाणी, मग पंचगव्य, मग काशीक्षेत्राहून आलेल्या गडूतलं गंगाजल, आणि या सगळ्यावर मंत्र. शुद्धी यथासांग झाली. जरा जास्तच झाली. बाबंभटांनी जाहीर केलं की आता हे यंत्र देवाच्या उपकरण्यांइतकं पवित्र आहे. तेव्हा ते मागील दारी ठेवणं योग्य दिसेना. चौघांनी उचलून देवघराला लागून ठेवलं.

तिथे सखूबाईंना दुसरी शंका आली. एवढ्या सोवळ्या वस्तूत खरकटी ताटं घालायची कशी?

“म्हणजे यात घालायचं तरी काय?” पंतांनी विचारलं.

“स्वच्छ भांडी,” बाबंभट म्हणाले. “स्वच्छ भांड्यांना शास्त्राची काही हरकत नाही.”

त्याप्रमाणे पद्धत ठरली. राहीनं पूर्वीसारखीच राख नि नारळाची शेंडी घेऊन विहिरीपाशी ताटं घासायची, विसळायची, पुसायची; मग सोवळं नेसून ती आत आणायची, कप्प्यात लावायची, चुलीवरून पाणी आणून ओतायचं आणि दांडा फिरवायचा. दांडा जड होता. गोठ्यात शेणवारा करायला येणारी बायजा म्हणाली, “मी फिरवतंय की वयनी, माजं हात काय झिजत न्हाय.” प्रश्न पुन्हा बाबंभटांकडे गेला. दांडा यंत्राच्या बाहेर आहे हे त्यांनी मान्य केलं. परंतु दांडा फिरला की आतलं पाणी फिरतं. तेव्हा गती हा स्पर्श मानावा की न मानावा? संध्याकाळपर्यंत विचार करून त्यांनी निर्णय दिला की गती हा स्पर्शच. बायजेनं पदर खोचला आणि विचारलं, की विहिरीवरचा रहाट बैल फिरवतो, त्या पाण्याचं काय मग?

“बैलाची गोष्ट वेगळी,” बाबंभट म्हणाले. “तो गोवंशातला.”

बायजेनं यावर विचार केलेला दिसला. शेणाची पाटी उचलताना ती राहीला म्हणाली, की पुढच्या जल्माला बगू.

शिवाय यंत्र ओलं राहिलं तर गंजतं, असं कळलं. म्हणून धुतलेली ताटं धुऊन झाली की यंत्र धुऊन कोरडं पुसायचं. ते जस्ताचं, त्यामुळे राख चालत नव्हती. चिंचेनं हलक्या हातानं. काशी आता आई येईपर्यंत निजून, उठून, पुन्हा निजलेली असे. एकदा राही ओल्या हातांनीच धावत आली आणि जाग्या मुलीला उचलायला वाकली. काशीनं तिच्याकडे पाहिलं, एखादी पाहुणीबाई आल्यासारखं, आणि सखूबाईंच्या खांद्यात तोंड लपवलं. राही हसली. मग परत जाऊन तिनं दांडा असा फिरवला, की देवघरातली घंटा आपोआप वाजली.

थोड्याच दिवसांनी यंत्राचा उद्‌घाटन-समारंभ झाला. अलिबागच्या एका वकीलसाहेबांच्या पत्नी अध्यक्षा म्हणून लाभल्या. सर्वांसमक्ष ताटं यंत्रात गेली, दांडा फिरला, ताटं बाहेर आली. मंडळाच्या चिटणिसांनी एका ताटावरून बोट फिरवून ते सभेला दाखवलं. टाळ्या झाल्या.

“आत घालण्यापूर्वी ताटं कशी होती?” वकिलीणबाईंनी विचारलं.

“अशीच,” पंत अभिमानानं म्हणाले.

लगेच ठराव मांडण्यात आला: ‘आजपासून या घरातील स्त्रियांना भांडी घासावी लागत नाहीत.’ एकमतानं मंजूर होऊन त्यावर पाचही सभासदांच्या सह्या झाल्या. मग जेवणं, मग चहा. घरातलं एकूण एक ताट, वाटी, कपबशी उष्टी झाली.

पाहुणे गेले. विहिरीपाशी भांड्यांचा ढीग लागला होता. राहीनं त्याच्याकडे पाहिलं, हातपाय धुतले, काशीला घेतलं आणि मागच्या पडवीत मांडी घालून बसली. दिवे लागायच्या वेळी पंत आले. सुनेशी थेट बोलण्याची रीत नव्हती, म्हणून चार हातांवर बसलेल्या सुनेसाठी ते सखूबाईंना म्हणाले, “अगं, विचार जरा, भांडी का पडली आहेत?”

“सासूबाई, मामंजींना सांगा,” राही काशीचं झबलं बांधता बांधता म्हणाली, “ठराव झालाय. मी घासली तर पाच जणांच्या सह्या खोट्या पडतील.”

सखूबाईंनी निरोप पोचवला. मधला एक शब्दही गाळला नाही.

पंत काही झालं तरी शिरस्तेदार होते. चष्मा लावून त्यांनी ठराव वाचला. अंमल आजपासून, अपवाद नाही. तो रद्द करायचा तर सभा बोलवायला हवी. सभेला चहा हवा, चहाला कपबशा हव्यात, आणि कपबशा विहिरीपाशी. ठरावात फक्त स्त्रियांचा उल्लेख आहे, पुरुषांना मनाई नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं. पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाडीतून केळीची पानं कापून आणली. तिसऱ्या दिवशीही. उष्टी पानं गाय खाऊन टाकी. स्वयंपाकाची दोन पातेली सखूबाई तोंड न उघडता घासून टाकत. मंडळाला त्यांनी ते कळवलं नाही. राहीच्या दुपारा मोकळ्या झाल्या. काशी पाहुणेपणा विसरली, आईच्या नाकाला हात घालू लागली. आणि राहीनं अनंताला लिहिलं, की हसायच्या आधी ती नाक मुरडते, जणू हसावं की नाही याचा विचार करते, आणि मग एकदम सगळी हसते.

पंतांची कीर्ती मात्र पसरत गेली. चौल, रेवदंडा, थेट मुरुडहूनसुद्धा लोक यंत्र पाहायला येत. देवघराशेजारी ते कोरडं ठणठणीत उभं असे, झाकणावर एक जास्वंद. पंत त्यावर हात ठेवून, एका अक्षराचंही खोटं न बोलता सांगत, “याचं उद्‌घाटन झाल्यापासून या घरात एक ताट घासलं गेलेलं नाही.” ऐकून पाहुण्यांचे डोळे पाणावत. घरी जाऊन ते ताबडतोब मंडळ स्थापन करत. पाच पुरुषांचं.

आपण हसलात, हे बरं झालं. हे वाचता वाचता घेतलेल्या चहाची कपबशी शेजारीच पडली असेल. बसा, उठू नका. थोड्या वेळानं पाहाल तर ती तिथं नसेल. आणि आपल्या घरी तर यंत्रही नाही.