बदली आई

सुचेता कुलथे सलग सहाव्या दिवशी पलंगावरून उठली नाही, तेव्हा नगरपालिकेने नियमाप्रमाणे तिच्या जागी बदली आई पाठवली. डॉक्टरांनी नैराश्य लिहून दिलं होतं, गोळ्या सुरू होत्या, आणि त्या लागू पडायला वेळ लागतो हे नगरपालिकेलाही ठाऊक होतं. पण जुई सात वर्षांची, तिचे बाबा शहाद्याला नोकरीला, पंधरवड्याने येणारे. जागा रिकामी ठेवता येत नाही.

पहिली बदली आई दुपारी दीडपर्यंत टिकली. जुईने तिच्या चपला फ्रीजमध्ये ठेवल्या, तेही तिने सोसलं. पण मग जुईने वरणात बोट बुडवून भिंतीवर तिचं चित्र काढलं आणि ते हुबेहूब आलं. दुसरीला अग्निशमन दलाने माळ्यावरून उतरवलं. तिसरीने जाताना लेखी विचारलं, की ही मुलगी एकच आहे की पाळीपाळीने वेगवेगळ्या येतात. सुचेता आतून सगळं ऐकत होती. उठावंसं फार वाटायचं, पण पाय ऐकत नव्हते, आणि त्याची लाज वाटून ती आणखीच पडून राहायची.

मग निर्मला घोडके आल्या. बावीस घरांचा अनुभव, पदर खोचलेला, लाटणंही स्वतःचं. आल्या आल्या त्यांनी चहा करून घेतला आणि बशीत ओतून प्यायल्या. दोन दिवसांत घर निवळलं. जुई वेणी घालून घेऊ लागली, साय खाऊ लागली. "काकू, मी अभ्यासाला बसू का?" असं तिने विचारलेलं सुचेताने भिंतीपलीकडून ऐकलं आणि तोंडावर उशी घेऊन ती रडली. पोरीच्या कुठल्याही खोडीने तिला इतकं रडवलं नव्हतं.

कारण पंधरा दिवस टिकलेली बदली आई सोळाव्या दिवशी कायम होते. मूळ आईला मग मावशीच्या पदावर घेतात.

सोळाव्या दिवशी सकाळी नगरपालिकेचे निरीक्षक वाघचौरे रजिस्टर घेऊन आले आणि सुचेताच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसले.

"मूल, एक," त्यांनी यादी वाचली. "दप्तर, एक. पडलेले दात, चार. खोड्या..." ते थांबले. "घोडकेबाई, हा रकाना कोरा आहे."

"खोडी नाहीच हो साहेब. पोर गुणाची आहे."

"कोरा चालत नाही. उद्या तुम्ही म्हणाल, ताब्यात घेतलेली मुलगी ही नव्हेच."

घोडकेबाईंनी बराच विचार केला. "शिंकते जोरात," त्या म्हणाल्या.

"ती प्रकृती झाली."

"टीव्हीवर खोबरेल ओतते," उशीतून आवाज आला.

"दोनदा ओतलं," जुईने दुरुस्ती सुचवली.

वाघचौऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगा बाई, सावकाश."

सुचेता पडल्या पडल्या सांगू लागली. जुई डबा शाळेतल्या कुत्र्याला घालते आणि मीठ कमी होतं अशी तक्रार त्याच्या वतीने घेऊन येते. नाही म्हटलं की जमिनीवर लोळते, पण आपणही शेजारी लोळलो की उठून बसते. मिक्सर लावला की किंचाळते. तेव्हा जवळ घ्यायचं नाही, जवळ बसायचं. पुरवणी लागली. चौदाव्या खोडीला सुचेताला हसू फुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि ते थांबेचना. तेवढ्यात जुईने निरीक्षकांचा शिक्का उचलून स्वतःच्या कपाळावर मारला. वाघचौऱ्यांनी पंधरा आकडा घातला.

"ही पोर मी पाहिलीच नाही," घोडकेबाई म्हणाल्या.

"पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागायचं असतं," जुई म्हणाली. "आईनेच सांगितलंय."

"आणि त्या आधीच्या तिघी?" घोडकेबाईंनी विचारलं.

"त्यांनी कुठे चहा घेतला?"

वाघचौऱ्यांनी नियमावली चाळली. चहा घेतलेली बाई पाहुणी ठरते आणि पाहुणीला कायम करता येत नाही, हे त्यांनी घोडकेबाईंना दाखवलं. मावशीची जागा मात्र रिकामी होती. घोडकेबाईंनी ती तिथल्या तिथे घेतली आणि कणीक मळायला गेल्या.

"आता मूळ आईने उभं राहून सही करायची," वाघचौरे म्हणाले.

सुचेताने पाय खाली सोडले. जोर लावला. जुई बघत होती. पाय काही उभे राहिले नाहीत.

"आज नाही जमत, साहेब," सुचेता म्हणाली. "उद्याचंही सांगता येत नाही. पण मुलगी माझी आहे."

वाघचौऱ्यांनी एकदा त्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी रजिस्टर पलंगावर, तिच्या हाताखाली सरकवलं. सही झाल्यावर शेऱ्यात लिहिलं, 'आडवी हजर'.

जुईने तो शेरा अक्षर लावून वाचला. मग ती पलंगावर चढली, आईच्या पोटावर दोन्ही पाय टाकले आणि सोळा दिवसांची राहिलेली किंकाळी एकदम फोडली. वाघचौऱ्यांनी घड्याळ पाहून वेळ नोंदवली, अकरा पन्नास, आणि ते पुढच्या घरी गेले.