वाघाटीचा नमुना

"आमच्या सोनीच्या अंगात वाघाटीचं रक्त आहे, आणि ते मी जनुकचाचणीनं सिद्ध करून दाखवीन!"

प्राणिशास्त्राचे प्राध्यापक श्याम आगाशे यांनी २००३च्या आषाढात रत्नागिरीच्या वाचनालयात ही घोषणा केली. सोनी ही त्यांच्या पत्नीची ठिपकेदार मांजर. वाघाटी हे तसेच ठिपके असणारे रानमांजर. एवढ्या पुराव्यावर विद्वान मंडळींनी यापूर्वी राजवंशही जुळवलेले आहेत!

सोनीचे केस हैदराबादच्या प्रयोगशाळेला गेले. तुलनेसाठी खऱ्या वाघाटीचा नमुना हवा होता. प्राध्यापकांनी लांज्याकडच्या रावजीला, कॉलेजच्या निवृत्त शिपायाला, शास्त्रीय काटकसरीने पोस्टकार्ड लिहिले : 'वाघाटीचा ताजा नमुना बाटलीत, लाखबंद पाठव.' कापडात शिवलेली बाटली आली. शिस्तीनुसार सील न फोडता ती तशीच पुढे रवाना झाली.

दुसऱ्याच दिवशी वनक्षेत्रपाल कदम दारात!

"सर, वाचनालयात मीही होतो. वाघाटी संरक्षित प्राणी. अहवालात तसं रक्त निघालं, तर मांजर आमच्या ताब्यात."

"अहो, ऐकलंत?" वासंतीबाई कडाडल्या. "तुमच्या व्यासंगापायी माझी सोनी पिंजऱ्यात जाणार! गेली, तर तुम्हीही जा तिच्याबरोबर, दूध द्यायला!"

महिनाभर प्राध्यापक आपलाच सिद्धांत खोटा ठरावा म्हणून देव पाण्यात घालून बसले. नास्तिकाला एवढे बहुधा प्रथमच जमले असावे.

अहवाल आला तेव्हा कदम समोरच होते. प्राध्यापकांनी मोठ्याने वाचले : 'पहिला नमुना पाळीव मांजराचा. दुसरा नमुना वनस्पतीचा. या दोहोंत संकर संभवत नाही.'

प्राध्यापकांनी तडक रावजीला फोन लावला. "बाटलीत काय भरलंस रे?"

"वाघाटी, सर! आषाढी बारशीला उपास सोडताना भाजी करतात ती! वेलीवरचं ताजं फळ धाडलं. का हो, नासलं काय?"

वासंतीबाईंनी सोनीला उचलून छातीशी धरले. कदमांनी मिशीतले हसू रुमालात टिपले. "सर, फळाला आमचा कायदा लागत नाही. पण शंका राहायला नको. खऱ्या वाघाटीचा नमुना मागवून पुन्हा तपासायचं का?"

"छे, छे!" तीस वर्षे विद्यार्थ्यांना 'शंका हेच ज्ञानाचे मूळ' असे शिकवणारे प्राध्यापक तत्परतेने उद्गारले, "शास्त्रात इतकं शंकेखोर असू नये, कदमसाहेब! चहा घेणार ना?"