तुळशीरामभाऊंची हाळी

तुळशीरामभाऊंचा विषय निघाला की मी इतकी वर्षे नुसती मान हलवत आलो. आता माझे वय त्यांच्याएवढे झाले, म्हणून सांगतो.

चिखलीतल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी आठवड्याने येई, कधी दहा दिवसांनी. नक्की कधी, ते फक्त तुळशीरामभाऊंना कळे. खांद्यावर टॉवेल टाकून ते कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हजवळ बसून राहत. पाणी सुटले की दारोदार हाळी. मी शाळामास्तर, म्हणून माझ्या दारात खास: "नळ आले हो! उठा गुरुजी, घंटा झाल्याशिवाय हालत नाई का तुमी?"

मग गल्ली पाइप-बादल्यांनी भरून जाई आणि भाऊ मधोमध उभे. एकाला पाइप जोडून देत, दुसऱ्याला विचारत, "काऊन बे, बापाचा खोकला गेला का तुह्या?"

भाऊंची बायको वारली, वावर ठेक्याने दिले आणि मुलाने त्यांना देऊळघाटहून इथे आणले. मुलगा-सून दिवसभर नोकरीवर. भाऊ म्हणत, "आमच्या गावात दार लावलेलं दिसलं त मानूस बिमार हाय समजतात. अठी त समदेच बिमार."

पुढे पाणी आलेले नसतानाही हाळी येऊ लागली. लोक बादल्या घेऊन धावत, नळ कोरडे. भाऊ शांतपणे सांगत, "येऊनच राह्यलं होतं. वापस गेलं." आधी सगळे हसले. मग चिडू लागले.

एका दुपारी मी अर्ध्या गालाला साबण लावलेला, तसाच बादली घेऊन बाहेर आलो. नळ कोरडा. सगळ्यांसमोर मी ओरडलो, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पोरगा घरात कोंडून का ठेवत नाही याला?"

भाऊ पुढे आले. माझी रिकामी बादली उचलून माझ्या ओट्यावर ठेवली आणि घरात गेले. त्यानंतर ते बाहेर दिसले नाहीत.

महिन्याभराने त्यांचा मुलगा पिठाच्या गिरणीवर भेटला. "झोपत नाहीत, बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, उदासीचा आजार आहे. आई गेली, गाव सुटलं, तेव्हापासूनचाच. पण काका, नळाच्या दिवशी बाबा पोटभर जेवत होते हो."

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचे, ते वाटेत ठरवले होते. भाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला पाहून घाईने सरकले, बसायला जागा केली. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "चुकलं माह्यं, गुरुजी. तुमाले उगीच पयवलं. दारं उघडली की बरं वाटे मले. राग नका धरू."

मी म्हणालो, "असू द्या भाऊ. होतं असं."

त्यांचा चेहरा एवढा निवळला की पुढचे शब्द माझ्या तोंडून निघालेच नाहीत. उद्या बोलू, असे म्हणत राहिलो. पोळ्याच्या आधी ते गेले.

माफी मागायला गेलो होतो, माफी देऊन परत आलो.