बंडूभैयांच्या व्हिडिओतली भुताटकी

बंडूभैया आठल्यांनी काढलेला लग्नाचा व्हिडिओ एकट्यानं बघू नये, असं झाशीतली मराठी घरं एकमेकांना सांगतात. सुरुवातीला रिकामी पडवी. झोपाळा आपोआप हलतोय. कुठूनतरी पैंजण वाजतात, कडी सरकते, दार करकरतं, आणि आता काय बाहेर येतंय म्हणून आपण श्वास रोखावा, तर बेसनाच्या लाडवांचं ताट घेऊन नवऱ्यामुलाची आत्या येते.

सीपरी बाजारात त्यांचं शूटिंगचं दुकान आहे. जीव मात्र टीव्हीवरच्या एका भुतांच्या मालिकेत. दुपारी ती पुन्हा लागायची वेळ झाली की शटर खाली ओढून भैया घरी.

मालिकेचं सगळं तंत्र त्यांनी मला भर बाजारात, भाजीची पिशवी माझ्या हातात असताना समजावलंय. विलायती भूत एकदम अंगावर येतं, आपलं भूत आधी पिंपळावर बसून तंबाखू मागतं. मालिकावाल्यानं दोन्ही उचललं. आधी आपल्यासारखं रेंगाळायचं, शेवटी त्यांच्यासारखं दचकवायचं. पण मजा रेंगाळण्यात. "आधी चाहूल, मग माणूस. जल्दी क्या है, भाभी?"

आमच्या मुग्धाच्या लग्नात अंतरपाटाची सळसळ नीट यावी म्हणून त्यांनी भटजींना मंगलाष्टकाच्या मध्येच गप्प केलं होतं. मुग्धाच्या पायाशी माइक धरून तिच्या मागेमागे ओणव्यानं चालणारे भैया बघून वऱ्हाडी मंडळी हसत होती.

मग व्हिडिओ आला. बांगड्या वाजल्या, भिंतीवरून सावली गेली, पावलं वाजत राहिली. मुलीचा चेहरा दिसेपर्यंत माझा चहा निवला. ग्वाल्हेरहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांनी फार अदबीनं विचारलं, आपके घर में कुछ ऊपरी चक्कर तो नहीं? भूतबाधेची शंका ऐकून आमचे हे पोट धरून हसले. मी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारीच भैयांचं घर गाठलं. हे सगळं कापून सरळ लग्न दाखवा, असं सांगायचं होतं.

दार उघडंच होतं. खोलीत थंडीतलं ऊन पसरलं होतं, पडदा हलत होता, टीव्ही चालू होता. त्यांच्या पत्नी, सुमनताई, कित्येक वर्षं गणपतीत दिसल्या नव्हत्या. तब्येत बरी नसते, एवढंच भैया सांगायचे आणि आम्ही ते धरून चाललो होतो. त्या पलंगावर बसल्या होत्या. तोंड टीव्हीकडे नव्हतं, खिडकीकडे होतं.

"डावीकडून आली," त्या म्हणाल्या.

"हो. पांढरी साडी, केस मोकळे," टीव्हीसमोर बसलेले भैया म्हणाले.

"आणि अनवाणी."

"अनवाणी," भैयांनी कबूल केलं.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. भैया मला बघून उठले आणि स्वयंपाकघरात घेऊन गेले. काचबिंदूनं दृष्टी गेली, म्हणाले. ताईंनीच कुणाला सांगू दिलं नव्हतं. बाकीच्या मालिका तिला कळत नाहीत, त्यात माणसं नुसती एकमेकांकडे बघत राहतात आणि मागे ढोल वाजतो. भुतांच्या मालिकेत सगळं कानानं येतं.

"गर्दीत ती घाबरते, भाभी. लग्नाला कुठे नेणार? म्हणून लग्नच घरी आणतो."

बाहेरच्या खोलीत आल्यावर मी ताईंचा हात हातात घेतला आणि माझं नाव सांगितलं. मुग्धाचं लग्न ऐकायला आलेय, म्हटलं. लहानपणी गणपतीतली गाणी मुग्धाला त्यांनीच शिकवली होती. भैयांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि व्हिडिओ लावला.

पडवीच्या पार टोकाकडून पैंजण यायला लागले. ऊन फरशीवरून सरकत होतं. माझे डोळे कधी मिटले, मला कळलंच नाही. घरात माझी मुलगी चालत होती, सावकाश, जणू अजून कुठेच जायची नव्हती. मी काहीतरी बोलायला गेले, तर ताईंनी माझा हात दाबला.

"ऐकू दे गं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "किती उंच झाली तुझी पोर. पावलं केवढी लांब पडतात."