सावली मुळासकट

आमच्या गावाजवळच्या जंगलात झाड तोडायला बंदी आहे. सावली तोडायला परवानगी आहे, फक्त मुळाशी वीतभर सोडावी लागते, म्हणजे तिला पुन्हा फुटवा येतो.

सावलीला मोठी कुऱ्हाड चालत नाही. मोठी कुऱ्हाड सावलीतून आरपार जाऊन जमिनीत रुतते. मग सावलीला माती लागते, आणि माती लागलेली सावली कुणी अंगावर घेत नाही. म्हणून आम्ही लहान कुऱ्हाड वापरतो. दांडा हातभर, धावड्याच्या लाकडाचा. पातं तळहाताएवढं. मागची बाजू सपाट, म्हणजे तोडलेल्या सावलीच्या कडा ठोकून बसवता येतात, नाहीतर त्या उसवत जातात. मी सातवीनंतर शाळा सोडली तेव्हा बाबांनी मला लोहाराकडे नेऊन अशी कुऱ्हाड करून दिली. ती कमरेला खोचली तरी चालताना लागत नाही.

बाबांनी एवढंच शिकवलं की उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे आपली सावली मागे राहते. जे हे विसरतात त्यांचं नुकसान होतं. आमच्या गावात पुष्कळ माणसांच्या सावलीला एखादं बोट कमी आहे. बाबांच्या सावलीला डाव्या पायाचा अंगठा नाही.

दोन हिवाळ्यांमागे बाबांचे पाय गेले. त्याआधी ते रोज दुपारी फाट्यावरच्या मोहाच्या झाडाखाली झोपत. पाय गेल्यावर ते अंगणातल्या खाटेवर पडून राहू लागले, पण झोप येईना. दिवसाही नाही, रात्रीही नाही. मी सागाची सावली आणून अंगावर घातली.

"टोचते," बाबा म्हणाले.

चिंचेची आणली.

"आंबट लागते गा हे. दात आंबले माझे."

"झोपलेल्या माणसाले सावलीची चव कायले पाहिजे?" माय म्हणाली.

"झोपलो असतो तर लागली नसती."

शेवटी मी फाट्यावर जाऊन मोहाच्या सावलीची मोळी तोडून आणली. ती अंगावर पडताच बाबांनी कूस बदलली आणि घोरू लागले. माय किती तरी वेळ दारात उभी राहून ते ऐकत होती.

तोडलेली सावली दिवस मावळेपर्यंत विरून जाते. म्हणून मी रोज फाट्यावर जात होतो. वैशाखात एके दिवशी गेलो तर मोहाच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली होती. रस्ता रुंद होणार होता. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी झाड पडणार होतं.

मी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "सावली मुळासकट निघाली तर अंगणात लागंल. पण नाकेदाराले विचारावं लागंल."

जंगलाच्या राखणीला जो सरकारी माणूस असतो त्याला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. आमचे नाकेदार मेश्राम. मला माणसांशी बोलता येत नाही. झाडाशी येतं, पण त्याचा उपयोग नव्हता. मी नाक्यावर जाऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. मेश्राम डोक्यावर कडुलिंबाची ओली सावली घेऊन बसले होते.

"काय पाहिजे गा?"

"काही नाही."

"काही नाही तर उभा कायले आहेस?"

मी कुऱ्हाडीचा दांडा घट्ट धरला. "फाट्यावरच्या मोहाची सावली. मुळासकट."

"मुळासकट भेटत नाही. वीतभर सोडावी लागते."

"झाड पाडणार आहेत."

"झाड पाडणारे वेगळे. त्यांचं खातं वेगळं. माझ्याकडे सावली आहे."

"झाड पडल्यावर वीतभर सावली कुठं राहील?"

"तिथंच राहील. बिनाझाडाची."

"तिच्यावर रस्ता होईल."

मेश्रामांनी डोक्यावरची सावली काढून बाजूला ठेवली. "म्हणजे माझी सावली डांबराखाली जाईल," ते म्हणाले. "आणि कोणी विचारलं तर मी काय दाखवू? रस्ता खोदून दाखवू?"

मी उंबऱ्याच्या आत आलो.

"कुऱ्हाड पाहू." त्यांनी धारेवर अंगठा फिरवला, मागची बाजू पाहिली. "ही चालंल. ने. पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. जिकडं तिचं तोंड आहे तिकडंच तोंड करून लावजो. आणि सावलीत जे काही असंल ते सोबत नेजो. मागं काही ठेवू नको. अर्धं इथं, अर्धं तिथं, हे मले निस्तरता येत नाही."

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी माय आणि मी फाट्यावर पोचलो तेव्हा झाड पाडणारी माणसं करवतीचं मशीन घेऊन आधीच आली होती. सूर्य डोक्यावर यायची वाट पाहावी लागते. तेव्हाच सावली बुंध्याशी गोळा होते आणि मुळाशी हात पोचतो. तो डोक्यावर आला. मी गुडघ्यावर बसलो, कुऱ्हाड उचलली आणि ढग आला.

सावली गेली. जमीन नुसती जमीन राहिली.

"झालं काय रे?" त्यांच्या मुकादमाने विचारलं. "मशीन सुरू करतो मी."

मायने माझ्याकडे पाहिलं. ती बोलू शकली असती, पण बोलली नाही. कुऱ्हाड माझ्या हातात होती.

"थांबा!" मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की मशीनवाल्याने मशीन खाली ठेवलं. "ढग जाऊ द्या. माझा बाप झोपला नाही."

मुकादमाने वर पाहिलं. "एकच ढग आहे," तो आपल्या माणसांना म्हणाला. "बसा रे. तंबाखू मळा."

ढग सरकला. सावली परत आली, मघापेक्षा थोडी गार. मी मनगटाने लहान लहान घाव घातले. मोहाच्या मुळ्या बोटांसारख्या पसरलेल्या होत्या आणि प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये सावली शिरली होती. तिथे हातभर दांड्याचीच कुऱ्हाड पोचते. शेवटचा धागा सुटला तेव्हा झाड एकदा शहारलं. मग ते उन्हात सावलीशिवाय उभं राहिलं. माणसांनी ते पाडलं. पडताना त्याचा फारसा आवाज झाला नाही.

मुळासकट सावली जड असते. मी तिची गुंडाळी डोक्यावर घेतली. वाटेत तिच्यातून उन्हाचे कवडसे सांडत होते. माय मागून ते एक एक वेचत, पदरात घेत आली.

अंगणात खड्डा करून आम्ही तिचं तोंड फाट्यावर होतं तसंच केलं. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने मी मूळ ठोकून बसवलं. मायने कवडसे जागच्या जागी ठेवले, वर तांब्याभर पाणी घातलं. बाबांची खाट सावलीत सरकवली.

"आता टोचते का?" मायने विचारलं.

बाबा झोपले होते.

सावलीने मूळ धरलं. सकाळी ती शेजाऱ्यांच्या कुडापर्यंत जाते, दुपारी खाटेखाली गोळा होते, संध्याकाळी लांब होते. पहिल्याच संध्याकाळी पोपट आले. त्यांनी अंगणावर दोन फेऱ्या मारल्या आणि सावलीच्या वर, घराच्या कौलांहून उंच, ओळीने बसले. फाल्गुनात सावली विरळ झाली, तेव्हा आम्ही घाबरलो नाही. पानगळ होती. चैत्रात पहाटे मोहफुलं पडू लागली. हात पोचेल तेवढी बाबा खाटेवरून वेचतात, बाकीची माय.

काल मेश्राम आले. त्यांनी सावलीभोवती चक्कर मारली, मूळ हलवून पाहिलं. मग मान वर केली. वर निळं आकाश होतं आणि पोपट होते.

"उजवीकडची फांदी कौलाले घासते," ते म्हणाले. "छाटून घे. पावसाळ्यात कौलं फुटतील."

"झाड तोडायला बंदी आहे," मी म्हणालो.

"फांदीले नाही."

"हाव, छाटतो," मी म्हणालो. लहान कुऱ्हाड कमरेला खोचली, मुळ्यांमध्ये पाय रोवला आणि चढायला लागलो.

"सांभाळून गा," खालून बाबांचा झोपेतला आवाज आला. "मधल्या ढोलीत पिलं आहेत."