दुधाच्या टाकीस अंगरखा नेमिला त्याची हकीकत

श्रीविघ्नहर्त्यास साष्टांग, वाग्देवीस नमन, आणि ज्या अग्नीने दूध तापते व ज्या उदकाने ते निवते त्या उभय देवतांस सारखाच नमस्कार. एकीस कमी केल्यास दरबारी फूट पडते. शके अठराशे सत्तावीस, विश्वावसुनाम संवत्सर, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव श्रोतेजनी पुसो नये. राज्य हयात आहे.

त्या साली शहरात कच्च्या दुधापायी ताप फैलावला आणि लहान मुले बहुत आजारी पडली, आणि राजवैद्यांनी हुजुरास अर्ज केला की, दूध चांगले तापवावे, मग झटकन निववावे, मग लोकांस द्यावे, म्हणजे ताप हटेल. महाराज दयाळू. त्यांनी विलायतेहून पोलादाची एक थोर टाकी आणविली, आरशासारखी लखलखीत, शंभर घागरी दूध सहज मावे ऐसी. परंतु टाकी उघडी आली. खाली जाळ घालावा तर दूध बुडास करपते. सबब तीस अंगरखा पाहिजे, म्हणजे बाहेरून दुसरे पोलादी आवरण, ज्याचे पोकळीत वाफ सोडिली की आतले दूध तापते आणि गार पाणी सोडिले की निवते. हा अंगरखा कोणता घ्यावा याची तजवीज दुग्धशाळेचे दरोगे केरोपंत ओगले यांजकडे सांगितली. केरोपंत पुण्याहून यंत्रविद्या शिकून आलेले, बुद्धीने तल्लख, हाताचे निर्मळ, आणि चार माणसांपुढे उभे राहिले की घशास कोरड पडणारे.

मग तीन सौदागर आले. पहिला दिवाण दिनकरपंतांचा मेहुणा. त्याजपाशी दुहेरी भिंतीचा अंगरखा, जाडजूड, वजनदार, दिवाणांच्या भाषणासारखा. दुसरा सरदार हैबतराव दरेकरांच्या मर्जीतला. त्याजपाशी नळीचा वेढा, टाकीभोवती अजगरासारखा वळसे घेणारा. केवढ्याही जोराची वाफ सोसील, म्हणून सरदारांस आवडला. तिसरा नसरवानजी नावाचा पारशी, कोणाचाच कोणी नव्हे, म्हणून त्यास कोणी पाणीही विचारिले नाही. त्याजपाशी पातळ पत्रा, त्यास ठायी ठायी खळ्या पाडून त्या खळ्यांशी टाकीस डाग देऊन जोडलेला, आणि आत दूध ढवळावयास एक पंखा. केरोपंतांनी तिन्ही हाताळिले आणि मनी म्हणाले, दुधास मंद वाफ पुरे, मग गार पाणी पुरे. पारशाचा पत्रा हलका आहे आणि कामास नेमका आहे. ऐसे मनी म्हणाले. मुखाने म्हणावयाचे राहिले.

तोवर दरबारी दोन पक्ष उभे राहिले. हैबतराव भर सभेत मिशीवर हात फिरवून बोलिले, "सरकार, दूध तापले पाहिजे. न तापणारे दूध आणि न तापणारा शिपाई, दोन्ही सारखेच." दिवाणजी मंद हसून बोलिले, "सरदारसाहेब, तापलेले दूध उन्हाळ्यात सांजेस फाटते. राज्य काय, दूध काय, थंड ठेवावे तेव्हा टिकते." आणि सरदारांचे लोक ऊनपक्षीय झाले, दिवाणांचे थंडपक्षीय झाले, आणि कित्येक घरी बाप ऊन व लेक थंड ऐसा प्रकार झाला. महाराज त्रासले आणि केरोपंतांकडे वळोन म्हणाले, "दरोगे, तुम्ही शिकलेले. सांगा, ऊन की थंड?"

केरोपंत उठोन उभे राहिले आणि मोठ्या कष्टाने बोलिले, "दोन्ही, सरकार. आधी..."

"दोन्ही!" महाराज आसनावरून अर्धे उठले. "वाहवा! ऐसा मुत्सद्दी आमचे पदरी असता आम्ही उगाच शिणलो. टाकीच्या वरल्या अर्ध्यास सरदारांची नळी, वाफेसह. खालच्या अर्ध्यास दिवाणांची भिंत, बर्फाच्या पाण्यासह. एकेच समयी दोन्ही!" उभय पक्ष संतोष पावले. ढवळण्याचा पंखा कोणत्याच पक्षाचा नव्हता, सबब तो गळाला. आणि केरोपंत "आधी" याचे पुढचा शब्द मुखी धरून उभे असताच त्यांचे मस्तकी जरीचे पागोटे आले, खांद्यावर शेला आला, आणि त्यांनी मुजरा केला.

घरी पत्नी द्वारकाबाईंनी पागोटे पाहिले आणि पुसिले, "इतकी मोठी बक्षिशी? काय बोललात आपण?"

"दोन शब्द."

"आणि बोलायचे होते किती?"

केरोपंत पाटावर बसले. भात पुढ्यात निवून गेला.

मग टाकी सजली, पताका लागल्या, सनई वाजली आणि प्रयोगाचा दिवस उजाडला. शहरातले दूध टाकीत ओतिले. वर नळीतून वाफ सुटली, खाली भिंतीत बर्फाचे पाणी सुटले. केरोपंतांनी टाकीस हात लाविला. वर चटका बसला; खाली हात काकडला. ऊन दूध हलके, ते वरच राहिले. गार दूध जड, ते तळी बसले. आणि तळीचे तापलेच नाही. हैबतरावांनी वरून ओगराळ्याने प्याला भरिला, प्याले, जीभ पोळली, तरी म्हणाले, "फत्ते!" दिवाणजींनी खालच्या तोटीतून प्याला भरून हुजुरास दिला. महाराज गटागट प्याले आणि म्हणाले, "अमृत! आता हंडे भरा. पहिले हंडे तापाच्या इस्पितळात, त्या पोरांस."

हंडे तोटीखाली लागले आणि केरोपंतांचे पाय आपोआप चालू लागले. त्यांनी तोटी बंद केली आणि तीस पाठ लावून उभे राहिले. सनई थांबली.

"हे दूध कच्चे आहे," केरोपंत म्हणाले. घसा कोरडा होता, तरी ऐकू गेले.

"दरोगे, आम्ही ते आत्ताच प्यालो!"

"होय सरकार, त्याची धास्ती आहेच. पण सरकारांस वैद्य आहेत, औषध आहे. त्या पोरांस एवढे दूधच आहे."

महाराजांचा हात हळूच पोटावर गेला. "मग हे दरबारी का नाही बोललात?"

"सरकारांनी पागोटे घातले. मान लवली, ती आज वर आली."

दिवाणांनी सरदारांकडे पाहिले, सरदारांनी दिवाणांकडे, आणि त्या एका क्षणी उभय पक्ष एक झाले की हा मनुष्य उद्धट आहे. महाराजांनी स्वतः पुढे होऊन तळीच्या पोलादावर तळवा ठेविला, झटकन काढिला आणि म्हणाले, "पागोटे काढून ठेवा. आणि टाकीस काय घालावयाचे ते घाला." त्या दिवशीचे दूध मुदपाकखान्यातल्या कढयांत उकळोन इस्पितळात पोचविले. किंचित करपले होते.

मग केरोपंतांनी नसरवानजीस शोधून आणिले, आणि त्यास आधी पाणी दिले. खळ्यांचा पत्रा सबंध टाकीस डागिला, आत पंखा बसविला, की दूध ढवळत राहावे आणि साय धरू नये. आधी वाफ सोडावी, दूध पुरते तापले की वाफ काढून घ्यावी, मग गार पाणी सोडावे, ऐसा क्रम लाविला. दरबारी मंडळींस पत्रा मान्य होईना, म्हणून दिवाणांनीच तोड काढिली: वाफ चालू असता त्याच अंगरख्यास हैबतविजय म्हणावे, पाणी चालू असता दिनकरप्रसाद म्हणावे. उभयतांस पसंत पडले. आणि महाराजांस त्या कच्च्या दुधाची तिळमात्र बाधा झाली नाही, त्यामुळे केरोपंतांनी नाहक घबराट केली ऐसे सर्वांचे मत कायम झाले, आणि पागोटे जामदारखान्यातच राहिले.

पुढे एके सकाळी केरोपंत इस्पितळात गेले. तेथील दाई राधामावशी मुलांस पेले भरून देत होती. खाटेवरची एक पोर, तापातून नुकती उठलेली, डोईचे केस उतरविलेली, पेल्यात डोकावून म्हणाली, "मावशे, याला साय कशी नाही गं? हे कसलं दूध!"

"गप पी, सरकारी आहे," मावशी म्हणाली.

पोरीने नाक मुरडले, पेला रिकामा केला आणि आणखी मागितले. केरोपंत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मावशीने "दरोगेसाहेब, आपणांस देऊ का?" ऐसे दोनदा पुसिले तरी त्यांस बोलवेना.

येणेप्रमाणे टाकीस अंगरखा मिळाला, अंगरख्यास दोन नावे मिळाली, पोरांस दूध मिळाले. शहरातला ताप हटला. दरबारातला आहे तैसा आहे. लेखनसीमा.